वीजबिल नोटीस बोर्डावर लावा : नाशिकच्या कुलगुरू, प्राचार्य आणि संस्थाचालकांना खुले पत्र

सन्माननीय कुलगुरू, प्राचार्य, संस्थाचालक आणि विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो. एरवी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मोटारी, कॉम्प्रेसर आणि भट्ट्या तपासत असतो. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, तारीख जवळ आली की कॉलेजांची बोलावणी सुरू होतात. कारखान्यातला माणूस मला पहिला प्रश्न विचारतो, बिल किती उतरेल? कॉलेजात विचारतात, रिपोर्ट कधी मिळेल? रिपोर्ट मिळतो, फाइलला लागतो, समिती येऊन जाते, आणि पुढच्या खेपेला मी गेलो की त्याच वर्गातले तेच दिवे त्याच दुपारी जळत असतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. वीज वाया जाते म्हणून वाटतंच, पण त्याच वर्गात बसलेली मुलं अभियांत्रिकी, वाणिज्य, भूगोल, पदार्थविज्ञान शिकत असतात आणि डोक्यावरच्या पंख्याबद्दल त्यांना कुणी काही सांगत नाही, याचं जास्त वाटतं.

नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. आज एफवायला असलेली मुलगी त्या वर्षी साठी ओलांडून पुढे गेलेली असेल. म्हणजे कोळसा आणि पेट्रोल यांवर उभं असलेलं जगणं बदलण्याचं सगळं काम तिच्या नोकरीच्या, संसाराच्या वर्षांत व्हायचं आहे. कमी ऊर्जेत घर कसं थंड राहतं, शेतमाल कसा टिकतो, कामाला कसं जायचं, कारखाना कसा चालवायचा, हे तिला कुठेतरी शिकावं लागेल. तुमच्या आवारात ते शिकवण्याची साधनं आधीपासून आहेत, आणि त्यांचं बिलही तुम्ही भरता. आज त्यांच्याकडे बघणारा फक्त वायरमन असतो.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे २००३च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याचा अभ्यासक्रम आखला आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो लागू झाला. आज त्याचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो. गोदावरीच्या प्रदूषणावरचा प्रकल्प एका वर्षाच्या मुलांकडून पुढच्या वर्षाच्या मुलांकडे जातो, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदलतं. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तर तयार विकत मिळतात. मुलं आळशी आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांना खरा प्रश्न दिलाच जात नाही. खरा प्रश्न मीटर रूममध्ये आहे.

मोठ्या कॉलेजांना वीज उच्चदाबाने मिळते आणि त्यांचं बिल घरच्या बिलासारखं साधं नसतं. त्यात कॉन्ट्रॅक्ट डिमांड असते, म्हणजे आम्हाला एवढा भार लागू शकतो असं तुम्ही लिहून दिलेला आकडा. त्या महिन्यात प्रत्यक्षात लागलेला सर्वांत मोठा भार वेगळा दाखवलेला असतो. मागणी कमी झाली तरी कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या ठरावीक टक्क्यांएवढा आकार भरावाच लागतो. एप्रिल २०२०पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे फक्त कामी आलेल्या नव्हे तर जाळ्यातून ओढलेल्या एकूण विजेवर, बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) बिघडला की युनिटच वाढून दिसतात. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी सगळ्या लॅब, सभागृहाचा एसी आणि पाण्याचे पंप सकाळी एकदम सुरू झाले, तर त्या एका दिवसाचा भार महिन्याच्या बिलावर चढतो. पंप दोन तास आधी चालवला असता तर तो चढला नसता. ही गोष्ट कॉमर्सच्या मुलाला अर्ध्या तासात कळते. त्याला ताळेबंद शिकवता, तसं आपल्याच कॉलेजचं बारा महिन्यांचं बिलही शिकवा.

म्हणून पहिली विनंती अशी : बिल दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा. रकमेसकट लावा. त्याखाली दोन आकडे लिहा, वर्षभरात दर चौरस मीटर बांधकामामागे किती युनिट वीज लागली आणि दर विद्यार्थ्यामागे किती. हे आकडे एकदा उघड झाले की गंगापूर रोडचं कॉलेज आणि दिंडोरी रोडचं कॉलेज यांची तुलना आपोआप होईल, आणि ती बक्षिसाच्या कुठल्याही ढालीपेक्षा उपयोगाची असेल.

आता सोलरबद्दल. जवळपास प्रत्येक संस्था मला तेच विचारते, गच्चीवर किती किलोवॅट बसतील? बसवावेत, मी त्याच्या बाजूचाच आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. कॉलेज दिवसा चालतं, सूर्यही दिवसाच असतो, त्यामुळे हा मेळ चांगला बसतो. पण सोलर बसला की कामं संपली असं संस्थेला वाटू लागतं, ते घातक आहे. गळका रांजण आधी बुजवायला हवा, मग घागरी ओतायच्या. त्यातही आपल्याकडे ऊन सर्वांत कडक असतं मार्च ते मे या महिन्यांत, आणि मे महिन्यात वर्ग रिकामे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग भरलेले असतात तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घेण्याच्या सोयीमुळे, हिशेबात हे बरंचसं जुळून जातं. प्रत्यक्षात मात्र पावसाळ्यातल्या त्या दुपारी वर्गातला दिवा कोळशाच्या विजेवरच जळत असतो.

तो कोळसा फार लांबचा नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडवरून दिसतात. २१० मेगावॅटचे तीन संच आहेत तिथे, कोळसा रेल्वेने येतो. कोळशापासून एक युनिट वीज करायला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, आणि जळताना निघालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. बाकीची उष्णता चिमणीतून आणि थंड करायच्या पाण्यातून जाते. मुलांच्या औद्योगिक भेटी एकलहऱ्याला जातात, त्या जाव्यातच. फक्त परत आल्यावर त्यांना आपल्या वर्गात नेऊन विचारा, इथलं काय बंद केलं तर तिथला किती कोळसा वाचेल?

एक हिशेब मी इथेच करून दाखवतो. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा ३०. हजार पंखे असलेल्या मोठ्या संस्थेत ते दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस चालले असं धरलं, तर बदलल्यावर वर्षाला ५४ हजार युनिट वाचतात. म्हणजे चाळीस टनांच्या आसपास कोळसा. तेवढी वीज सोलरवर करायला साधारण ३७ किलोवॅट लागतील. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : हजार चांगले पंखे एकदम काढून नवे घेण्यापेक्षा ३७ किलोवॅटचा सोलर स्वस्त पडू शकतो, कारण कॉलेजातला पंखा वर्षात फार तास चालत नाही. म्हणून सगळे पंखे एका फटक्यात बदलू नका. पंखा जळला की तो रिवाइंडिंगला पाठवणं थांबवा आणि त्या जागी बीएलडीसी लावा. वसतिगृहात पंखा रात्रभर चालतो, तिथे मात्र लगेच बदला. अशी निवड कशी करायची, हे मुलांना शिकवण्यासारखं आहे. कुठलंही एक यंत्र सगळीकडे लावलं की शाश्वतता आली, असं होत नाही.

काही कामांना तर पैसाही लागत नाही म्हटलं तरी चालेल. वर्गात शिरल्यावर बटणांचा बोर्ड बघा. बहुतेक ठिकाणी ट्यूबलाइटच्या रांगा खिडकीला काटकोनात जोडलेल्या असतात. एक बटण दाबलं की खिडकीजवळची ट्यूब आणि आतल्या भिंतीजवळची ट्यूब दोन्ही लागतात. आतल्या मुलांना अंधार वाटतो म्हणून बटण दाबावं लागतं आणि भर उजेडातल्या ट्यूब उगाच जळतात. रांगा खिडकीला समांतर जोडल्या, खिडकीकडच्या रांगेला स्वतंत्र बटण दिलं, की निम्मा दिवस निम्मे दिवे बंद राहतात. वायरमनचं दिवसाभराचं काम आहे हे. आयटीआयच्या मुलांना घेऊन केलं तर त्यांचं प्रात्यक्षिकही होईल.

दुसरी गोष्ट वॉटर कूलरची. रविवारी सकाळी अकरा वाजता, आवारात कुणी नसताना, मीटरवरचा भार बघितला की संस्थेचं खरं चित्र कळतं. एका कॉलेजात डिसेंबरमध्ये प्रत्येक मजल्यावरचा कूलर चालू होता. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येत होत्या, नळाचं पाणी हाताला झोंबत होतं, आणि रिकाम्या इमारतीत कूलर ते पाणी आणखी थंड करत होते. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ते बंद करणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं, एवढंच. शिपाई मामांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, बंद करा असं कुणी सांगितलंच नाही." लॉकडाऊनमध्ये कॉलेजं महिनोन्महिने बंद होती तेव्हाही बिलं शून्यावर का आली नाहीत, याचं अर्धं उत्तर डिमांडच्या आकारात आहे आणि अर्धं अशा कुणाच्याच नसलेल्या यंत्रांत.

इमारतींबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण पंखा दहा वर्षांनी बदलता येतो, इमारत पन्नास वर्षं छळते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. उन्हाळ्यातले दोन-अडीच महिने सोडले तर इथल्या हवेला एसीची गरज नाही. तरीही गेल्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या कितीतरी शैक्षणिक इमारतींना पश्चिमेकडे काचेचे दर्शनी भाग आहेत. दुपारी तीननंतर त्या काचेतून ऊन आत येतं, बाहेर पडत नाही, मग पडदे लावतात, पडदे लावले म्हणून दिवे लावतात, आणि उकडतं म्हणून एसी लावतात. स्लायडिंग खिडकी कितीही मोठी केली तरी अर्धीच उघडते, बिजागरीची पूर्ण उघडते. एवढी साधी गोष्ट आर्किटेक्टला सांगायला संस्थाचालक का कचरतात कळत नाही. पश्चिमेला सज्जा, व्हरांडा किंवा जाळी, वरच्या मजल्याच्या स्लॅबवर नीट घातलेला कोबा आणि त्यावर पांढरा लेप, आवारात सावली देणारी मोठी झाडं, यांत नवं काहीच नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत जाड भिंती, मधला चौक, पडवी हे सगळं होतं. दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते आणि त्याबरोबर ही माहितीही जाते. इतिहासाच्या आणि मराठीच्या विभागांनी त्या वाड्यांत राहिलेल्या आजी-आजोबांना भेटून, एप्रिलच्या दुपारी कुठल्या खोलीत बसायचे, कुठली दारं कधी उघडायची, हे टिपून घेतलं तर वास्तुकलेच्या मुलांना ते सोन्यासारखं आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार लॉरी बेकर यांनी १९७०च्या दशकात बांधलं. विटांच्या जाळ्यांतून वारा खेळवून, कमी सिमेंट आणि कमी खर्चात. संशोधन संस्था अशा इमारतीत उत्तम चालते हे तिथे पन्नास वर्षं दिसतं आहे. तुमची पुढची इमारत नकाशावर असेल तर कृपा करून ती आताच थांबवून एकदा तपासा.

आणि एप्रिलमध्ये मुलांना ब्लेझर-टाय घालायला लावणं बंद करा. मॅनेजमेंटच्या कित्येक कॉलेजांत हा नियम आहे. आधी अंगावर ब्लेझर चढवायचा आणि मग त्यासाठी एसी वीसवर ठेवायचा. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. जानेवारी २०२०पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात. सुती शर्टात मुलाखत देणारा विद्यार्थी कमी कर्तबगार ठरत नाही.

वसतिगृहांच्या गच्च्यांवरचे सोलर बंबही एकदा बघून या. नळ्या फुटलेल्या, टाक्यांत क्षार साठलेले, आणि खाली प्रत्येक मजल्यावर गिझर. बसवायला पैसे मिळाले, सांभाळायला माणूस मिळाला नाही. संस्थेच्या हरित समितीत सगळे प्राध्यापक असतात, वायरमन आणि प्लंबर मात्र एकही नसतो. त्यांना समितीत घ्या आणि बैठकीत आधी त्यांना बोलू द्या. कंत्राटावर असतील तर कायम करा. कमी ऊर्जेच्या काळात देखभाल करणारी माणसं सर्वांत मोलाची असणार आहेत.

आता जे बिलात दिसत नाही ते. आठ एलईडी ट्यूब आणि आठ साधे पंखे असलेला वर्ग सहा तास चालला तर साडेचार युनिट वीज लागते. ओझरहून गंगापूर रोडला दुचाकीवर येणारा एक मुलगा जाऊन-येऊन जवळजवळ एक लिटर पेट्रोल जाळतो, आणि एका लिटरमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. वीज आणि पेट्रोल यांची अशी थेट तुलना करू नये हे मला माहीत आहे. विजेसाठी तिप्पट उष्णता जाळावी लागते, म्हणून वर्गाचे साडेतेरा युनिट धरू. तरीही साठ मुलांच्या वर्गात सहा जण तितक्या लांबून गाडीवर आले, तर त्यांचं पेट्रोल त्या अख्ख्या वर्गाच्या चौपट होतं. तेव्हा पार्किंगची जागा वाढवणं ही विद्यार्थ्यांची सोय समजू नका. सिटीलिंकची बस जुलै २०२१पासून धावते आहे. तिच्या वेळा आणि तुमचं वेळापत्रक शेजारी ठेवून बसा. सकाळचं एक लेक्चर आणि मग दुपारी तीनचं प्रॅक्टिकल, असा दिवस असेल तर मुलगा गाडीच आणणार. लेक्चर एकत्र बांधली, त्र्यंबक रोडवरच्या, आडगावच्या, दिंडोरी रोडच्या संस्थांनी मिळून महापालिकेकडे फेऱ्या मागितल्या, तर एकेकट्या पत्रापेक्षा त्याला वजन येईल. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी नेणारं हे शहर आहे. इथे सायकल चालवणाऱ्यांची वाण नाही. कॉलेजात सायकलला सावलीतली, कुलूप लावता येईल अशी जागा आणि आवाराबाहेर सुरक्षित रस्ता हवा. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्त्यांची कामं सुरू आहेत, ही मागणी आत्ताच करण्याची आहे.

मुक्त विद्यापीठाला वेगळं सांगावंसं वाटतं. १९८९ साली स्थापन झालेली ही संस्था 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन चालते. विद्यार्थ्याने शहरात येण्याऐवजी अभ्यासकेंद्र त्याच्या तालुक्यात नेण्याची तिची रचना कमी ऊर्जेच्या शिक्षणाचा पाया आहे. बाकीच्या संस्थांनी याबाबत तिच्याकडून शिकावं, आणि तिने पंप दुरुस्ती, सोलर देखभाल, घराचा ऊर्जा हिशेब असे अभ्यासक्रम गावागावांत न्यावेत. आरोग्य विद्यापीठाकडेही मोठं काम आहे : रुग्णालय ही चोवीस तास वीज खाणारी इमारत आहे, आणि उष्माघाताचे रुग्ण वाढले की तिथला भार आणखी वाढणार.

कमी ऊर्जा म्हणजे मागे जाणं, अशी भीती काही प्राध्यापक बोलून दाखवतात. आपल्या जिल्ह्याकडेच बघा. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षांना तोडणीनंतर काही तासांत प्रीकूलिंग (माल झटपट थंड करणं) लागतं, त्याशिवाय युरोपपर्यंत माल टिकत नाही. ती वीज कमी करता येणार नाही, पण कमी विजेत तेच काम कसं करायचं हा रेफ्रिजरेशन शिकणाऱ्या मुलांसाठी खरा प्रश्न आहे. उलट लासलगाव परिसरातली कांदाचाळ बघा. जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशा फटी, मोजकी रुंदी. विजेशिवाय महिनोन्महिने कांदा ठेवते. तरीही तिच्यात बराच माल सडतो, मोड येतात, वजन घटतं. ती सुधारली तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल. हवेचा प्रवाह, आर्द्रता, उंची, दिशा, यांवर कितीतरी प्रबंध व्हावेत. असा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला तर त्याला चांदवड-येवल्यात कुणी परका म्हणणार नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. जूनमध्ये नवं वर्ष सुरू होईल तेव्हा मागच्या बारा महिन्यांची बिलं फलकावर असावीत. प्रत्येक संस्थेने आपली एक इमारत निवडून ती वर्षभर विद्यार्थ्यांच्या हाती मोजणीसाठी द्यावी, आणि पर्यावरण विषयाचे गुण त्या मोजणीवर द्यावेत. काचेचं नवं बांधकाम थांबवावं. वायरमनला समितीत खुर्ची मिळावी.

मोजणीची उपकरणं माझ्याकडे आहेत : क्लॅम्प मीटर, लक्स मीटर, पॉवर अ‍ॅनालायझर. पहिल्या तपासणीला बोलावलंत तर येईन, शुल्क घेणार नाही. अट एकच. मीटर रूममध्ये माझ्याबरोबर मुलं असली पाहिजेत, आणि रिपोर्ट त्यांनी लिहायचा. मी तपासून सही करेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ऊर्जा लेखापरीक्षक, नाशिक